दोन इंच माया

माझ्याकडे गावाच्या कमरा आहेत,
एकोणीस वह्यांत, शाईच्या पेन्सिलीने लिहिलेल्या.
एरंडोलात कुणाचं काय वाढलं
हे तलाठ्याआधी मला कळतं.

लोटन मास्तर : लग्नाला एकोणतीस,
बदली होऊन परत आले तेव्हा चौतीस,
निवृत्तीच्या सफारीला साडेएक्केचाळीस.
टेप फिरवताना ते पोट आत ओढून
छताच्या पंख्याकडे बघतात.
मी आकडा मोठ्याने वाचत नाही.
"जरासं ढिलं ठेवजो भो,"
एवढंच बोलणं आमच्यात.

ठेवतो. शिलाईच्या आत दोन इंच जास्तीचं कापड,
पुढच्या साली उसवून सोडायला.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.

सगळ्याच जुन्या कमरा चांगल्या होत्या असं नाही.
जिनिंगमधल्या निंबा हमालाची सव्वीस होती,
ती काही तब्येत नव्हती,
दोन वेळची भाकरी मोजून घेतलेली होती.
त्याच्या नातवाची आता अडतीस,
आणि डॉक्टर म्हणतात, रक्त याचंही कमीच आहे.
हे गणित माझ्या टेपवर बसत नाही.

शाळेचे गणवेश मी शिवायचो.
पाचवीची चड्डी बावीस, फार तर तेवीस,
आणि गुडघ्याला ठिगळ सहामाहीच्या आत.
आता ठिगळाला कुणी येत नाही.
हर्षल पाचवीत आहे, त्याला तीस लागते,
गुडघे मात्र नव्यासारखे.
मैदानाच्या अर्ध्या भागात संस्थेने गाळे काढले,
पहिल्याच गाळ्यात सुपडूशेठ :
पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा दारावर,
पोरं तोरणाखालून जावीत तशी आत जातात.
सुपडूशेठ म्हणतो, मी नाही विकलं तर शेजारचा विकेल.
शेजारचाही हेच म्हणतो.
हर्षलची आई म्हणते, पाच रुपयांत गप्प बसतो,
माझी तेवढी शिवणी उरकते.
अध्यक्ष भाषणात म्हणाले, पालकांनी लक्ष द्यावं.
त्यांची शेरवानी माझ्या हातची.
गाळ्यांची फीत कापायला कात्रीही
माझ्याच दुकानातून गेली होती.
परत आली तेव्हा धार गेलेली.

कोकिळाबाई ब्लाउजचं माप द्यायला येतात
आणि आधीच सांगून टाकतात,
"मी तर काहीच खात नही भाऊ."
खरं आहे ते. सगळ्यांचं झाल्यावर
पातेल्यात उरलेलं तेवढं टाकवत नाही त्यांना.
शेवभाजीचा तवंग, भाताची खरवड, नातवाचं अर्धं बिस्किट.
पहाटे चालायला जायच्या दोघी-तिघी मिळून.
मग हायवे रुंद झाला,
कडेला पाय ठेवायला जागा राहिली नाही,
एका डंपरने हूल दिली, तेव्हापासून बंद.
त्यांच्या ब्लाउजात मी तीन इंच सोडले आहेत.

चूक कोनी शे, असं परवा लोटन मास्तरांनीच विचारलं,
समोरच्या गाडीवरची भजी कागदात घेऊन,
कागदही तेलाने पारदर्शक झालेला.
मी म्हटलं, मास्तर, कापड तर मी फक्त कापतो.
मग मला माझाच आवाज आला, सुपडूशेठसारखा.

माझंही सांगतो.
एकवीस वर्षं पाय मारून मशीन चालवली,
पोटऱ्या दगडासारख्या होत्या.
मग मोटर बसवली. काम दुप्पट झालं.
पाय खाली नुसते ठेवलेले असतात,
घरी आलेल्या पाहुण्यासारखे.

काल चैतालीला म्हटलं, माझी पँट शिवायचीय,
टेप घे.
तिने घेतली, टोक बेंबीवर धरलं,
दुकानात चार गिऱ्हाईकं बसलेली,
आणि पोरीने आकडा खणखणीत वाचला.
विसावी वही, पहिलं पान.
लिहिता लिहिता तिने विचारलं,
"दादा, माया किती ठेवू?"

मी पंख्याकडे बघत होतो.